पाणी आधी, बटण नंतर

“आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही,” बद्रुद्दीन मिस्त्रीने जाहीर केलं, “आणि बसलाच, तर या वयात मी पान खाणं सोडीन.”

एवढं बोलून त्याने टोमॅटोचं रिकामं क्रेट पालथं घातलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि त्यावर अशी मांडी ठोकली, की जणू सगळ्या जिल्ह्याचा निकाल आता इथूनच लागणार होता.

निकाल लागणारच होता, पण जिल्ह्याचा नाही, त्याचा स्वतःचा. दिंडोरी-वणी रस्त्यावर संतोषशेठचा टोमॅटोची पेस्ट करण्याचा कारखाना. तिथला नवाकोरा व्हॅक्यूम पंप मुहूर्ताच्या दिवशीच जाम होऊन बसला होता आणि तो बसवला होता बद्रुद्दीनने. पंपाच्या कंपनीने तपासणीला इंजिनिअर धाडली होती. तृप्ती मॅडम तिचं नाव. तिच्या मांडीवर फॉर्म होता आणि फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता, ‘बिघाडाचे कारण’. त्यात ‘चुकीची बसवणी’ एवढे दोन शब्द पडले, की शेजारी मिस्त्रीचं नाव पडणार आणि ते नाव घेऊन तो कागद कंपनीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाणार. बेचाळीस वर्षांत ज्याच्या हातचा एक पंप जळला नाही, त्याला सत्तरीत हे प्रशस्तिपत्रक!

आणि ती बेचाळीस वर्षंही काही साधीसुधी नव्हती. निफाडकडे त्याने लावलेला एक पंप इतका गुपचूप चालायचा, की एक मांजर त्याच्या मोटरवर व्याली आणि पिल्लांचे डोळे उघडले तरी तिला खाली यंत्र आहे याचा पत्ता नव्हता. पिंपळगावच्या पंपावर त्याने रुपयाचं नाणं कडेवर उभं केलं होतं, ते गणपतीपासून दिवाळीपर्यंत तसंच उभं राहिलं आणि पडलं तेही एका झुरळाचा धक्का लागून. निदान मिस्त्रीचं तरी असं म्हणणं होतं. झुरळाची साक्ष कोणी काढली नाही.

“सुरू करा चाचा,” तृप्ती मॅडम म्हणाली. “पण मला जे खरं घडलं तेच सांगा.”

“खरंच सांगतोय ना. म्हणून तर पटणार नाही! पण त्याआधी मला एक सांगा. माझ्या पंपाचे बोल्ट कोणी उघडले?”

पंप आपल्या ओट्यावरून हातभर सरकून, तिरका, मान मोडल्यासारखा पडला होता.

“साफसफाईसाठी काढले,” सुयश म्हणाला. सुयश म्हणजे संतोषशेठचा पुतण्या, कारखान्याचा मॅनेजर. वय सत्तावीस, पुण्याची पदवी, आणि शर्टाची इस्त्री अशी कडक, की माशी बसली तर तिचे पाय कापले जावेत. “मॅडम येणार म्हणून स्वच्छ करून ठेवला.”

“स्वच्छ!” मिस्त्रीचा आवाज पत्र्याला जाऊन आपटला. “अरे, मयताला आंघोळ घालून मग डॉक्टरला बोलावलंस? तो ओटा मी सात दिवस पाणी मारून पिकवला. पंप आणि मोटर एका रेषेत आणायला दोन दिवस गुडघ्यावर बसलो. पातळ पत्र्याच्या चकत्या घालघालून! शेवटी दोघांमध्ये केस जाईल एवढाही फरक राहिला नव्हता. आज मॅडमनी रेष तपासायची तर कशाची तपासायची? तूच ती पुसून ठेवलीस!”

“मिस्त्री, आवाज खाली,” संतोषशेठ म्हणाला. तो खुर्चीत बसून गुडघा हलवत होता. माणूस वाईट नव्हता, पण पुतण्याचा शब्द त्याला देवाच्या कौलासारखा वाटायचा.

“खालीच आहे शेठ. वर गेला तर टोमॅटो फुटतील.”

कोपऱ्यात टोमॅटो निवडत बसलेली भागुबाई फिसकन हसली. तिने मान खाली घातली आणि एक नासका टोमॅटो चांगल्यांत टाकला.

तृप्ती मॅडमने पेन उघडलं. “आतल्या चाकावर घासल्याच्या खुणा आहेत. पंप कोरडा चालला तरी अशाच पडतात आणि वाकडा बसवला तरी अशाच पडतात. म्हणून विचारते. त्या दिवशी पंपात पाणी होतं?”

“होतं,” सुयश म्हणाला.

“नव्हतं,” मिस्त्री म्हणाला.

हा पंप काही शेतातल्या पंपासारखा पाणी उपसत नाही. तो हवा उपसतो. मोठ्या बंद कढईतली हवा त्याने ओढून घेतली, की टोमॅटोचा रस हाताला सोसेल न सोसेल एवढ्या उष्णतेवरच उकळतो आणि त्याचा लाल रंग लालच राहतो. पण हवा ओढायला त्याच्या पोटात पाणी फिरावं लागतं. तेच पाणी हवेला अडवतं आणि तेच त्याला गारही ठेवतं. पाणी नसेल तर तो हवा ओढत नाही, नुसते दात खातो, तापतो, फुगतो आणि जाम होतो. मिस्त्रीने हे सुयशला तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगण्याऐवजी लाल ऑइलपेंट घेऊन भिंतीवरच लिहिलं होतं, ‘पाणी आधी, बटण नंतर’. मुहूर्ताच्या सकाळी त्या अक्षरांवर झेंडूचं तोरण लागलं. फोटोत बरं दिसत नव्हतं म्हणे!

“एकच मुद्दा आहे मॅडम,” सुयश पाय सावरून म्हणाला. “पाण्याच्या लाइनवर फ्लो स्विच आहे. पाणी वाहत नसेल तर मोटर सुरूच होत नाही. तो स्विच चाचांनीच बसवलाय आणि चाचाच सगळ्यांना सांगत होते, की तो कधी दगा देणार नाही. मोटर तर सुरू झाली. म्हणजे पाणी होतं. म्हणजे दोष बसवणीचा. सिंपल!”

मिस्त्रीची कानशिलं तापली. यापेक्षा त्याने उघड शिवी दिली असती तर परवडली असती. कुलूप मी लावायचं, चोराने ते फोडायचं आणि मग कुलूप इतकं चांगलं होतं, म्हणजे घरच्यानेच चोरी केली असणार, असं पंचांपुढे म्हणायचं! मोटर सुरू झाली ती स्विचच्या दोन टोकांवर कोणीतरी आडवी वायर टाकून त्याला मुका केला म्हणूनच, हे त्याला दिसत होतं. पण आता ती वायर तिथे नव्हती. स्क्रूवर ताजा ओरखडा होता, पण ओरखड्याला तोंड नसतं.

“व्हिडिओ आहे ना त्या दिवसाचा?” मॅडमने विचारलं.

“हाय की, माझ्या मोबाइलात हाय,” भागुबाई म्हणाली. “पर त्यात समदे पेढेच खात्यात. वर बँजो. पंप तर फुलात बुडाल्याला.”

“टाकीतलं पाणी?”

भागुबाईने एकदा शेठकडे पाहिलं, एकदा मिस्त्रीकडे. “आंगण धुवाया घेतलं व्हतं. भाताला बी घेतलं व्हतं. आता किती ऱ्हायलं, ते म्या चढून नाय पायलं.”

“नंतर पुन्हा भरली होती टाकी,” सुयश लगेच म्हणाला.

“कोणी भरली?”

“भरली होती.”

मिस्त्रीने छताकडे पाहिलं. ती टाकी त्याने गुरुवारी स्वतः काठोकाठ भरली होती. बोअरचं पाणी जड, पंपाच्या पोटात चुन्याचा थर धरतं, म्हणून दिंडोरीहून गोडं पाणी आणवलं होतं. लाइनीत गाळणी घातली होती. कढईकडच्या नळीत एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह टाकला होता, म्हणजे पंप थांबला तर त्याचं पाणी उलटं जाऊन रसात पडू नये. अर्थिंग दोन, एक सोडून दोन! मोटर आणि पंपाच्या जोडावर जाळी, कोणाचा पदर अडकू नये म्हणून. आणि पंपातून बाहेर पडणारं पाणी त्याने बंद नळीने गटारात सोडलं नव्हतं. ते वीतभर उंचीवरून एका उघड्या नरसाळ्यात पडायचं. बेचाळीस वर्षांची त्याची रीत होती ती. धार डोळ्याला दिसली पाहिजे, कानाला ऐकू आली पाहिजे. घड्याळं, काटे, स्विच सगळे खोटं बोलू शकतात, पण पडणारं पाणी खोटं बोलत नाही. त्या नरसाळ्यावर पाहुण्यांच्या बुटांवर शिंतोडे नकोत म्हणून कोणीतरी पाट ठेवला आणि पाटावर समई!

“मुहूर्त शुक्रवारी बारा छत्तीसचा होता,” मिस्त्री बोलू लागला. “मी गुरुजींना आदल्या दिवशी विचारलं. पंचवटीतले आहेत, त्यांच्या घरचा पंप मीच लावलाय. ते म्हणाले, बद्रूभाई, हळदकुंकू बारा छत्तीसला वाहू, नारळ फोडू, बटणाचं काय, ते तुम्ही नमाज पढून आल्यावर दाबा. देवाला घाई नसते. देवाला नव्हती! गुरुजींना नव्हती! घाई कोणाला होती?”

सुयशने मोबाइल काढून त्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

“मी बाराला निघालो. जाताना बजावलं, अडीचला येतो, तोवर बटणाला कोणी हात लावायचा नाही. वणीच्या मशिदीत पोचलो. नळाखाली वजू करत होतो, नमाजाआधी हातपाय धूत होतो. ओंजळीत पाणी घेतलं, आणि मॅडम, ते पाणी थरथरायला लागलं. माझा हात नाही. पाणी! आणि मग ऐकू आली किंकाळी. माझ्या पंपाची. अकरा किलोमीटरवरून!”

“सहा,” सुयश मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. “वणी इथून सहा किलोमीटर आहे.”

“सहा,” मिस्त्रीने मान्य केलं. क्षणभर तो पुतण्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून पानाची डबी काढली, उघडली, आणि काही न खाता तशीच बंद केली. “सहा किलोमीटरवरून. मशिदीतली पन्नास माणसं माझ्याकडे बघायला लागली. मौलवीसाहेब म्हणाले, मिस्त्री, कोणाचं लेकरू रडतंय? मी म्हटलं, माझंच.”

“चाचा,” तृप्ती मॅडम म्हणाली, पण तिच्या ओठाच्या कडेला हसू आलं होतं.

“इकडे काय चाललं होतं ते ऐका. इथे जमले होते पाचशे पाहुणे...”

“ऐंशी,” सुयश म्हणाला.

“...ऐंशी पाहुणे, चार बँड...”

“एकच बँजो होता हो!”

“...एक बँजो, आणि बटणापुढे हे आमचे सुयशभाऊ, फेटा बांधून. दाबलं बटण. मोटर हलेना! कशी हलेल? तिच्यावर माझा पहारेकरी बसलेला. पाणी नाही, तर वीज नाही. बारा पस्तीस झाले. पाहुणे बघतायत, बँजोवाला एकच सूर ताणून ताणून थकलाय. मग यांनी काय केलं? रस्त्यावरच्या खांबावर चढले, उसाएवढी जाड वायर दातांनी तोडून आणली आणि स्विचवर आडवी ठोकली, हातोड्याने!”

संतोषशेठ हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण फेट्यासकट खांबावर चढलेला पुतण्या त्याच्या डोळ्यांपुढे आला असावा. सुयशच्या मानेवर लाली चढली.

“काहीतरीच!” तो म्हणाला. “काका, किती वेळ ऐकायचं हे?”

“बोलू दे. म्हातारं माणूस आहे.”

म्हातारं माणूस! ते ऐकून मिस्त्रीला त्या दिवशी अडीचला परत आल्यावरचा वास आठवला. जळालेलं रबर, तापलेलं लोखंड आणि वर चंदनाची उदबत्ती. पंपाच्या अंगाला हात लावला तर दोन तासांनीही चटका बसला. आणि भागुबाई आरतीचं ताट घेऊन जिथे उभी होती असं त्याला कळलं, तिथून हातभर अंतरावर, जाळीच्या आत, जोडातलं कपलिंगचं रबर तुकडे तुकडे होऊन पडलं होतं. जाळी नसती तर ते तुकडे कुठे गेले असते? पण ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी एवढंच विचारलं, की मिस्त्री, तुम्ही लावलेला पंप पहिल्याच दिवशी कसा काय बिघडला?

“तापला!” तो ओरडला, आणि आता त्याच्या आवाजात थट्टा किती आणि राग किती, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. “इतका तापला, की त्याच्यावरच्या झेंडूच्या माळांची भजी झाली. फोडलेल्या नारळाला आपोआप तेल सुटलं. आचाऱ्याने चूल विझवली आणि वरणाचं पातेलं पंपावर चढवलं. या भागुबाईने त्याच्यावर भाकऱ्या भाजल्या.”

“ओ मिस्त्री! म्या कवा भाजल्या?”

“दोन भाजल्या. एक करपली.”

“माझी भाकर करपत नसती!” भागुबाई खरंच रागावली.

“मिस्त्री, आता पुरे,” संतोषशेठ डोळे पुसत म्हणाला. “मॅडमना वेळ नाही. तुम्ही जे सांगताय त्यातलं एक तरी कोणी खरं धरेल का? बेचाळीस वर्षं तुम्ही पंप बसवले, मान्य. पण चूक माणसाकडूनच होते. लिहा मॅडम, आणि विषय मिटवा. नवा पंप आला, की आम्ही दुसरा माणूस बघू.”

तृप्ती मॅडमने फॉर्म सरळ केला. तिने मिस्त्रीकडे पाहिलं. “चाचा, माझ्याकडे लिहायला काहीतरी पाहिजे. स्विच ठीक आहे, मी तपासला. पाणी नव्हतं असं म्हणणारे तुम्ही एकटे, आणि तुम्ही तिथे नव्हता.”

पेनचं टोक रकान्यावर टेकलं.

मिस्त्री क्रेटवरून उठला. त्याचे गुडघे वाजले. तो सुयशच्या समोर जाऊन उभा राहिला, पण बोलला मात्र सगळ्यांना उद्देशून, लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्यासारखा हात पसरून.

“लिहा मॅडम, माझं नाव लिहा. पण शेवट ऐकून लिहा. पंप बोंबलत होता, किती वेळ? तास! पुरा एक तास! आणि एवढा शिकलेला मॅनेजर काय करत होता? कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. धूर निघाला, तरी हसत होता. पाहुणे म्हणाले, अहो बंद करा, तर याला बंदचं बटण कोणतं तेच ठाऊक नाही!”

“मला ठाऊक नाही?” सुयश उभा राहिला.

“लाल का हिरवं, तेच कळेना! शेवटी इतका घाबरला, इतका घाबरला, की फेटा टाकून मागच्या सिमला मिरचीतून पळत सुटला. चपला तिथेच. लोक म्हणतात, तो सप्तशृंगीच्या पायऱ्या चढून वर जाऊन बसला. इथे ऐंशी माणसं कानांत बोटं घालून उभी, आणि पंप बंद कोणी केला? माणसाने नाही मॅडम! बाहेर भागुबाईची म्हैस बांधली होती. तिला ते बघवेना. ती दावं तोडून आत आली आणि तिने शिंगाने...”

“खोटं!” सुयश किंचाळला. त्याचा आवाज फाटला होता आणि मोबाइल हातातून सुटून टोमॅटोत पडला होता. “साफ खोटं बोलतोय हा म्हातारा! कसली म्हैस? कसला तास? तीन मिनिटं! तीन मिनिटंसुद्धा पुरती चालला नाही तो! रबराचा वास आला तसा मी स्वतः धावलो, मी स्वतः लाल बटण दाबलं, आणि स्विचवरची वायरही मीच तिथल्या तिथे काढली, आणि ती काही उसाएवढी नव्हती, एवढीशी होती, वीतभर, दारावरच्या बेलची!”